मान खाली जाईपर्यंत: हॉलंडहून सोलापूरला आलेल्या घोड्याचे प्रकरण

परदेशातून घोडा आणला म्हटले की लोक पहिल्यांदा विमानाबद्दल विचारतात. एवढे जनावर विमानात उभे कसे राहते, बिथरले तर काय करायचे, झोपते का? आमच्या घोड्याला विमानाने फारसा त्रास दिला नाही. कागदावर दोन आकडे उलटसुलट पडले, त्यापायी हिवाळा हातचा गेला आणि मग मुंबई ते सोलापूर ही चारशे किलोमीटरची वाट ऐन एप्रिलात करावी लागली. घोडा खरा बेजार झाला तो त्या वाटेवर. आपल्या भागात असा घोडा आणायचे आणखी कोणाच्या मनात असेल तर त्याच्या जनावराला हे भोगावे लागू नये, म्हणून सगळे सविस्तर लिहितो आहे.

मी सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो. गाई-म्हशी जास्त, घोडे कमी. ते घोडेही वरातीचे, रिंगणाचे, नाहीतर दिवाळीच्या सुमाराला अकलूजच्या बाजारातून कोणी हौसेने आणलेले मारवाडी-काठियावाडी. या घोड्याचे मालक मोहोळ तालुक्यातले, ऊस आणि डाळिंबाचे बागायतदार. मुलगी पुण्यात घोडेस्वारी शिकली, अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धांत उतरू लागली आणि तिच्या प्रशिक्षकाच्या ओळखीतून हॉलंडमधला एक घोडा ठरला. डच वॉर्मब्लड जातीचा, नऊ वर्षांचा, खच्ची केलेला, रंगाने कुमैत, उंची १६८ सेंटिमीटर, वजन साडेपाचशे किलोच्या वर. मालकांनी मला सांगितले तेव्हा इसार देऊन झाला होता.

घरात आबा, म्हणजे मालकांचे वडील, जुने घोडेवाले. त्यांचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. “डॉक्टर, कपाळावर भोवरं किती हैत, ते इचारा आधी.” आपल्याकडे घोडा भोवऱ्यांवरून पारखतात. कुठला भोवरा शुभ, कुठला खोडीचा, यावर अकलूजच्या बाजारात तासन्‌तास वाद चालतात. मी हसण्यावारी नेणार होतो, पण तिकडून घोड्याच्या पासपोर्टची प्रत आली तेव्हा गप्प झालो. पासपोर्टात घोड्याची छापील आकृती असते, डावी बाजू, उजवी बाजू, समोरून, मागून. त्यावर पायांचे पांढरे, कपाळावरचा टिळा आणि प्रत्येक भोवरा फुलीने दाखवलेला असतो. माणसाला बोटांचे ठसे, तसे घोड्याला भोवरे. आबा त्यातून शकुन बघतात, तिकडचा डॉक्टर ओळख पटवतो, पण दोघांची नजर जाते एकाच जागी. कपाळावर दोन फुल्या होत्या. आबांचे समाधान झाले आणि त्या दिवसापासून घोड्याला घरात नाव पडले, पाहुणा.

कागद

परदेशी जनावर देशात आणायला केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाचा आरोग्यविषयक आयात परवाना लागतो. त्याला आधार पशुधन आयात अधिनियमाचा, तो १८९८ सालचा. घोडा कुठल्याही विमानतळावर उतरवता येत नाही. जिथे केंद्राचे पशु विलगीकरण केंद्र आहे अशा मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता यांसारख्या मोजक्याच ठिकाणी तो येऊ शकतो. सोलापूरहून हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आणि वाटेत घाट नाही, म्हणून आम्ही आधी तिकडे चौकशी केली. पण घोड्यांची मालवाहू विमाने आपल्या सोयीने येत नाहीत. बाकीच्या घोड्यांबरोबर जागा मिळाली ती मुंबईची.

परवान्यासोबत रोगांची यादी येते. कुठल्या रोगाची तपासणी, निघण्याआधी किती दिवसांच्या आत, विलगीकरणात किती दिवस, हे सगळे त्यात असते. ग्लँडर्स, घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय, आफ्रिकन हॉर्स सिकनेस, पायरोप्लाझ्मोसिस, फ्लू. या यादीकडे कटकट म्हणून पाहणारे पुष्कळ भेटतात, मला ते पटत नाही. १९६० च्या आसपास आफ्रिकन हॉर्स सिकनेस या देशात शिरला आणि घोडे, खेचरे पटापट मेली. २००८-०९ मध्ये घोड्यांचा फ्लू राज्याराज्यांत फिरला. ग्लँडर्स तर माणसालाही होतो, आणि २००६ मध्ये तो आपल्याच महाराष्ट्रात पुन्हा सापडला. बाधित घोड्याला मारावेच लागते, आणि ते काम हाताने केलेला माणूस यादीला नावे ठेवत नाही.

आमची चूक मात्र रोगात नव्हती. घोड्याच्या मानेत, आयाळीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते आणि तिचा क्रमांक पंधरा आकडी. ज्या मध्यस्थाने अर्ज भरला त्याच्याकडून त्यातले दोन शेजारचे आकडे अदलाबदल झाले. अर्ज जाण्याआधी मी स्वतः वाचला होता, माझ्याही नजरेतून सुटले. परवाना त्याच क्रमांकावर निघाला. हॉलंडमध्ये विलगीकरण संपत आले, निघायला चार दिवस उरले, तेव्हा तिथल्या सरकारी डॉक्टरांनी मानेवर स्कॅनर फिरवला आणि क्रमांक जुळेना. भोवऱ्यांच्या आकृतीवरून घोडा तोच आहे हे सिद्ध झाले, पण परवान्यावरचा आकडा दुरुस्त झाल्याशिवाय त्यांना सही करता येत नव्हती. दुरुस्ती व्हायला वेळ लागला, तोवर रक्ततपासण्यांची मुदत उलटली, विमानातली जागा गेली. विलगीकरण पहिल्यापासून. सगळे धरून साडेतीन महिने.

नोव्हेंबरच्या शेवटी घोडा उतरवायचा, थंडीत त्याला इथली हवा अंगवळणी पडू द्यायची, असा माझा बेत होता. पाहुणा मुंबईत उतरला तो मार्चच्या पहिल्या आठवड्यात, अंगावर युरोपातल्या थंडीची दाट लव घेऊन.

आता माझ्याकडे असा अर्ज आला तर चिपचा क्रमांक मी एकाला मोठ्याने वाचायला लावतो आणि दुसऱ्याला एकेका आकड्यावर बोट ठेवायला लावतो. बँकेत नोटा दोनदा मोजतात तसे.

विमान

घोडा विमानात मोकळा नसतो. जमिनीवरच त्याला कंटेनरसारख्या पेटीत चढवतात, पेटीत एक, दोन किंवा तीन घोड्यांचे खण असतात, आणि ती पेटीच यंत्राने उचलून विमानात सरकवतात. सोबत घोड्यांना सरावलेले सेवक असतात. गुंगीचे औषध जवळ ठेवतात, पण गरजेशिवाय देत नाहीत, कारण गुंगीतल्या घोड्याचा तोल जातो. आमचा दोघांच्या खणात होता, शेजारी एक शांत, वयस्क घोडी. मुद्दाम तशी जोडी लावतात. एक घाबरला की दुसरा घाबरतो, आणि एक निवांत चघळत उभा असला की दुसरा त्याच्याकडे बघून चघळू लागतो. चंदी दोन दिवस आधीपासून कमी केलेली, वाटेत फक्त भिजवलेले गवत. घोड्याला ओकारी येत नाही, त्यामुळे पोटात काही बिघडले तर ते वरून बाहेर पडायला वाटच नसते.

एक गोष्ट मात्र विमानात टळत नाही. शेजाऱ्याला चावू नये, वळायला जाऊन अडकू नये म्हणून मान आखूड बांधलेली असते.

घोडा मोकळा असला की दिवसाचे कितीतरी तास मान खाली घालून चरतो. श्वासाबरोबर जी धूळ, जे जंतू आत जातात ते चिकट द्रवात अडकतात आणि मान खाली असताना त्या उतारावरून घशाकडे, नाकाकडे वाहून येतात. त्याच्या श्वासनलिकेची साफसफाई अशी चालते. मान आठ-दहा तास वर बांधून ठेवली की ती बंद पडते. आतले आत साचते, जंतू वाढतात, आणि दोन-तीन दिवसांनी घोडा तापाने फणफणतो. प्रवासाचा ताप म्हणतात तो हा. फुप्फुसाच्या आवरणात पाणी झाले तर घोडा हातचा जातो.

मुंबईला उतरल्यावर क्वारंटाइनमध्ये त्याचे तापमान ३८.२ होते. घोड्याचे साधारण साडेसदतीस ते साडेअडतीस असते. अहवाल येईपर्यंत महिनाभर त्याला तिथेच राहायचे होते. विमानाने तो सुखरूप आला होता.

मुंबई ते मोहोळ

क्वारंटाइनमधून सुटायच्या तीन दिवस आधी मी मुंबईला गेलो आणि त्याच्या पाण्यात गूळ घालायला सुरुवात केली. बादलीला मूठभर. घोडा पाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ, गावोगावच्या पाण्याची चव बदलली की तोंड फिरवतो. वाटेत सगळ्या पाण्याला एकच चव असावी म्हणून हा गूळ. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, मालकांनी सोलापूरचाच पाठवला होता, वरातीच्या घोड्यांत वाढलेला पंचविशीतला पोरगा. पहिल्या दिवशी त्या उंचीकडे बघून बिचकला. दुसऱ्या दिवशी खरारा करताना त्याच्याशी आपल्या भाषेत गप्पा मारत होता.

निघायच्या दिवशी दुपारी ठेकेदाराने जी गाडी पाठवली ती मी परत पाठवली. तळाला गुळगुळीत पत्रा, बाजूंना उघडे लोखंडी कोन, वर ताडपत्री, आणि घोड्याला मान हलवायलाही जागा नाही. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत, त्यांत घोड्यांसाठी वेगळी कलमे आहेत. पाय घसरू नये अशी जमीन हवी, अंग घासू नये अशी सोय हवी, डॉक्टरचा दाखला हवा. हे सांगितले तर ठेकेदार म्हणाला, “साहेब, म्हशी नेतो की आम्ही याच गाडीतनं.” म्हशींनाही तसे नेऊ नये, पण त्या दिवशी माझ्यापुढे एकच जनावर होते. शर्यतीचे घोडे नेणारी दुसरी गाडी पुण्याहून यायला रात्रीचे अकरा वाजले. ठरले होते संध्याकाळी सात.

माझी आखणी सोपी होती. रात्रीतून सगळी वाट संपवायची, ताशी पन्नासच्या वर जायचे नाही, दर तीन तासांनी थांबायचे, आणि दर थांब्याला दोर सैल करून मान खाली जाऊ द्यायची. उतरवायचे मात्र नाही. महामार्गाच्या कडेला अनोळखी घोडा उतरवणे म्हणजे जिवाशी खेळ.

खंडाळ्याच्या घाटात ट्रकांच्या रांगेत सापडलो. गाडी रांगत चढू लागली, मागच्या-पुढच्या ट्रकांचा धूर आत साचू लागला. पाहुण्याने नाकपुड्या फेंदारल्या, मागच्या पायावर पाय घासू लागला. बोलत राहणे एवढेच हातात होते. घाट चढून गेल्यावर जागा सापडताच थांबलो, दारे उघडली. मान खाली घालायला तो तयार होईना. कान एकदा इकडे, एकदा तिकडे. शेजारून ट्रक गेला की चारही पाय ताठ.

दुसरा थांबा पुणे ओलांडून, यवतच्या पुढे, एका बंद पडलेल्या ढाब्याच्या आवारात. पहाटेचे साडेतीन. इंजिन बंद केले, दिवे मालवले. मोतद्दाराने गाडीतला भुसा बाजूला सारून पेंढा पसरला आणि हलकी शीळ घालू लागला. घोडा सहसा चालत्या गाडीत लघवी करत नाही, धरून ठेवतो. पायांत पेंढा आला, शीळ ऐकू आली की मोकळा होतो, हे या पोराला कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत होते. पाच मिनिटे गेली, सात गेली. मग घोड्याने पाय फाकले, बराच वेळ मोकळा झाला, आणि लांब श्वास सोडून मान हळूहळू खाली आणली. गुळाच्या पाण्याची बादली त्याच्या खुरांजवळ होती. नाक पाण्याच्या वर धरून तो तसाच उभा राहिला. बॅटरीच्या उजेडात मला नाकातून ओघळणारी करडी, चिकट तार दिसली, लांबत लांबत बादलीच्या काठावर पडली. मागून आणखी एक. खंडाळ्याचा धूर बाहेर येत होता. त्यानंतर तो प्यायला, अर्ध्याहून जास्त बादली. पंचवीस मिनिटे आम्ही कोणी हललो नाही.

त्या अंधारात मला एक जुना माणूस आठवला. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून जहाजात एक घोडा घालून चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला पोहोचला. तिथल्या खानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला, आणि महत्प्रयासाने परत मिळाल्यावर तो बिदरला गेला. आपल्या अक्कलकोटच्या पलीकडे आळंद आहे, तिथल्या जत्रेत हजारोंनी घोडे विकायला येतात असे त्याने लिहून ठेवले आहे. बहमनी काळात दख्खनच्या फौजा समुद्रापलीकडच्या घोड्यांवर चालत होत्या. पुढे याच भीमेच्या खोऱ्यात अरबी रक्त देशी घोडीत मिसळून भीमथडी तट्टू घडले, कोरड्या चाऱ्यावर दिवसभर दौडणारे. भीमेकाठी बाहेरचा घोडा नवा नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी त्याला घाट चढवून, पाणी दाखवत, सांभाळत आणले आहे.

इंदापूर ओलांडताना उजाडले. टेंभुर्णीच्या पुढे सूर्य थेट डोळ्यांवर, आणि पत्र्याच्या गाडीच्या आत उष्मा चढू लागला. चार तासांच्या उशिराची किंमत आम्ही इथे मोजली. तिसरा थांबा सावलीअभावी आखडता घ्यावा लागला. मोडनिंबजवळ मानेवर ओले पोते टाकले, पुन्हा निघालो. वस्तीवर पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. आबा फाटकाशी भाकरतुकडा घेऊन उभे. ओवाळून टाकल्यावर त्यांनी पहिल्यांदा घोड्याच्या कपाळावर हात फिरवून दोन्ही भोवरे चाचपले.

नंतरचे दिवस

मी मालकांना बजावले होते, गव्हाण उंच नको, चारा जमिनीवरच टाका, आणि सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहीत ३९.१ आले. खाणे अर्ध्यावर, श्वास मिनिटाला चोवीस, एका नाकपुडीतून पातळ स्राव. छातीवर नळी लावली तर उजवीकडे खाली आवाज खरखरीत. रक्त तपासायला घेतले आणि अहवालाची वाट न बघता प्रतिजैविके सुरू केली. सहाव्या दिवशी ताप पूर्ण उतरला. वही नसती तर “प्रवासानं दमलंय, खाईल उद्या” असे म्हणत दोन दिवस सहज गेले असते, आणि या आजारात ते दोन दिवस परवडत नाहीत.

चाऱ्याचा प्रश्न मी आधी हलका धरला होता. तिकडच्या सुक्या गवतावर वाढलेला घोडा आणि इकडे कडबा, उसाचे वाढे. वाढ्यात ऑक्झलेट असते, ते कॅल्शियम धरून ठेवते. घोड्याची हाडे त्याने पोखरतात, म्हणून वाढे पूर्ण बंद. हिरवी कोवळी ज्वारी तर दावणीच्या आसपासही नको म्हणून सांगितले. गुरांना तिची किराळ, म्हणजे विषबाधा, लागते हे शेतकऱ्याला ठाऊक असते, पण घोड्याची त्याने मूत्राशयाची आणि मागच्या पायांची वाट लागते, हे कमी जणांना माहीत आहे. सुके मारवेल, थोडा लसूणघास, चंदीला ओट आणि भिजवलेले हरभरे, बदल तीन आठवड्यांत थोडा थोडा. वरातीचे घोडे त्याच्या जवळ आणू नका असेही सांगितले. ग्लँडर्सची धास्ती, शिवाय माश्यांच्या चाव्यातून पसरणारा सर्रा आणि गोचिडाचे ताप, ज्यांची या घोड्याच्या रक्ताला ओळखच नाही. एकटा घोडा मात्र झुरतो. त्याला सोबत म्हणून आबांनी एक उस्मानाबादी शेळी बांधली. तिसऱ्या दिवसापासून ती त्याच्या पायांत झोपू लागली.

मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला आणि मला ज्याची भीती होती ते झाले. पाहुण्याचा घाम थांबला. थंड मुलखातून आलेल्या घोड्यांना दमट-गरम हवेत हे होते, घामाच्या ग्रंथी जणू संप करतात. मुलगी त्याला पहाटे वीस मिनिटे चालवून आणायची, तरी त्यानंतर तासभर भाता चालल्यासारखा श्वास, आणि कातडी कोरडी खडखडीत. फक्त आयाळीखाली आणि मांड्यांच्या बेचक्यात जरासा ओलावा. अंगावरची लव मशीनने काढली, पागेला दोन मोठे पंखे आणि छतावर उसाच्या पाचटाचा जाड थर, दिवसातून चार वेळा पाणी. स्वारी पूर्ण बंद. हिवाळ्यात आला असता तर हे टळले असते असे मी छातीठोक सांगणार नाही, पण सहा महिने हवा अंगवळणी पडायला मिळाली असती.

मुलीने एकदा विचारले, याला पुढे युरोपात स्पर्धेला नेता येईल का? इथला घोडा तिकडे न्यायची वाट फार अरुंद आहे. मेरठ छावणीतल्या घोड्यांच्या रोगमुक्त कक्षाला जुलै २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, त्यामुळे दार किलकिले झाले आहे. पण ते त्या कक्षात ठेवलेल्या घोड्यांसाठी. मोहोळच्या पागेतून नाही. हे तिला इसार देण्याआधीच कोणीतरी सांगायला हवे होते.

जूनच्या मध्यावर पहिला मोठा पाऊस झाला. चार दिवसांनी सकाळी मालकांचा फोन आला, मागे मुलीचा आवाज. तिने खोगिराखालचा नमदा काढला होता आणि तो पिळण्याइतका ओला होता.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा पाहुणा बांधावरच्या कोवळ्या हरळीत मान घालून चरत होता. शेळी पलीकडे. मोतद्दार दोर सैल सोडून दगडावर बसला होता, आणि शिळेची गरज नव्हती.